वीस वर्षांची गाडी: रिन्यू करावी, मोडीत काढावी, की जुन्या पार्टांवर चालवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या गावात वडिलांची मारुती ८००, ऑगस्ट २००५ चं पासिंग, नंबर एमएच ०७. पंधरा वर्षं झाल्यावर २०२० मध्ये ६०० रुपये फी भरून पाच वर्षं वाढवून घेतली. ती मुदतही संपून आता सात महिने झाले. कुणी म्हणतं दहा हजार भरा. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात. गावचा मेकॅनिक म्हणतो, दार, इंजिन आणि स्टिअरिंग जुन्या मालात करून देतो. डोंबिवलीचे मेव्हणे म्हणतात, जुने पार्ट बसवायला आता बंदी आहे, पंधरा वर्षांवरच्या गाडीला पंपावर पेट्रोलही मिळत नाही, भंगारात देऊन मोकळे व्हा. यातलं खरं काय आणि करायचं काय?

कुडाळच्या बाजूला हायवेलगत माझं गॅरेज आहे. हात कोल्हापुरात बसला, पण आयुष्य या खाऱ्या हवेतल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलं, आणि गाडीबरोबर तिचे कागदही बघावेच लागतात. तेव्हा मेव्हण्यांपासून सुरुवात करतो.

ते जे सांगतात ते दिल्लीचं आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून तिथल्या पंपांवर कॅमेरे लावून अशा गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली, आणि लोक इतके खवळले की दोन-तीन दिवसांत ते थांबवावं लागलं. पुढे पुन्हा कोर्टकचेरी झाली. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरतो तो व्हिडिओ त्या दोन-तीन दिवसांतला. आपल्या किनारपट्टीला वयाची अशी बंदी लागू नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. पंधरा वर्षं झाल्यावर नूतनीकरण बंद झालंय ते सरकारच्या स्वतःच्या गाड्यांचं, १ एप्रिल २०२३ पासून. तहसीलदारांची जुनी जीप दिसेनाशी झाली म्हणून तुमची ८०० जात नाही.

आता पैसे. दहा हजार हा आकडा खरा आहे. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून जुन्या चारचाकीची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० केली, दुचाकीची १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पायरी आली: गाडी वीस वर्षांवरची असेल तर चारचाकीला १०,००० आणि दुचाकीला २,०००. परदेशातून आणलेल्या चारचाकीला तर ८०,०००, पण तो आपला विषय नाही. तुमची गाडी ऑगस्ट २००५ ची, म्हणजे नेमकी त्या पायरीच्या पलीकडे पडली. मुदत संपल्यावर अर्ज केला तर महिन्याला ५०० रुपये जादा, म्हणजे तुमचे ३,५०० झाले. अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, पण इतक्या लवकर कोण बघतं! वर राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांचा एकदम, पेट्रोलला वेगळा, डिझेलला वेगळा. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. ती नसेल तर आरटीओ कार्यालयात पुढचं काम अडतं. पीयूसी आणि विमा वेगळे. एजंटाने हात लावला की त्याचे वेगळे.

आमच्याकडे अशा ८०० ला गिऱ्हाईक मिळालंच तर चाळीस-पन्नास हजार देईल. त्या गाडीच्या कागदाला पंधरा-वीस हजार! माणूस चिडणार नाही तर काय करणार? माझ्या बाकड्यावर बसून एक निवृत्त गुरुजी परवा म्हणाले, "गाडी माझी, पेट्रोल माझा, मगे सरकाराच्या पोटात कित्याक दुखता?" त्यांची गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर निघते, बाजाराला, डॉक्टरकडे आणि देवळात. दिवसाला शंभर किलोमीटर पळणाऱ्या नव्या गाडीइतका धूर ती आख्ख्या महिन्यात सोडत नसेल, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

राग मात्र सगळ्यांचा सारखा नाही, आणि कोण कशावर चिडतो हे बघण्यासारखं आहे. मुंबईकर चाकरमानी चिडतो कारण त्याने मुंबईतली जुनी गाडी गणपती-शिमग्याला वापरायची म्हणून गावी आणून ठेवलीय आणि तिचे कागद त्याच्या लक्षात नाहीत. आंबेवाला पिकअपसाठी चिडतो. त्याची गाडी व्यवसायाची, तिचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी, आणि ते नेमकं हंगामाच्या तोंडावर येतं. रिक्षावाल्यांचा राग सर्वांत जुना आणि सर्वांत संघटित. फिटनेस प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा आकारणी २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यांनी राज्यभर आवाज उठवला आणि राज्य सरकारला वसुलीला स्थगिती द्यावी लागली. खासगी गाडीवाल्यांची अशी संघटना नसते, म्हणून त्यांचा राग माझ्या बाकड्यावर आणि फोनवरच्या निरोपांत संपतो.

सरकारच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तुमची गाडी बीएस-२ आहे (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक), कारण एप्रिल २००५ पासून देशभर तेच मानक लागू झालं. त्यानंतर २०१० मध्ये बीएस-३, २०१७ मध्ये बीएस-४ आणि २०२० मध्ये बीएस-६. एका बीएस-२ डिझेल सुमोचा कुंभार्ली घाट चढताना मागून येणारा धूर ज्याने गिळलाय तो या नियमांना सरसकट शिव्या देणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे नियम वर्षं मोजतात. गाडी कशी आहे ते मोजत नाहीत. आणि आपल्याकडे गाडी वयाने मरत नाही, मिठाने मरते.

हे नीट समजून घ्या, कारण तुमचा निर्णय फीवर नाही, यावर अवलंबून आहे. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर उभी असलेली गाडी आणि सांगलीत उभी असलेली त्याच वर्षाची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चार महिने पाऊस, खाली लाल माती, आणि बाकीचे आठ महिने खारा वारा. माती मडगार्डच्या आतल्या कडांत आणि दाराखालच्या पट्टीत बसते, ओली राहते आणि आतून पत्रा खाते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. बॅटरीच्या खालचं ताट, पुढच्या शॉकअपच्या वरच्या वाट्या, पेट्रोल टाकीचे पट्टे, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर आणि मागच्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट, या जागा मी आधी बघतो. गाडी जॅकवर घ्या, खाली झोपा आणि पेचकसच्या टोकाने या जागांवर जरा जोरात टोचा. "टक" असा आवाज आला तर पत्रा आहे. पेचकस आत गेला तर तिथे फक्त रंग आणि लांबी (पुट्टी) आहे. बाहेरच्या बॉडीवर साधं लोहचुंबक फिरवा, पातळ कापडात गुंडाळून. जिथे पकडत नाही तिथे पेंटरने लांबी भरलेली असते.

दार, बॉनेट, मडगार्ड सडलं तर बदलता येतं. फ्लोअरला नवा पत्रा मारता येतो. पण शॉकअपच्या वाट्या आणि मागचे ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी गेले असतील तर त्यावर वेल्डिंग करून गाडी घाटात घालायची हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे. कायद्यात तसं कलम असो नसो. अशी गाडी वडिलांना चालवायला देऊ नका, दहा हजार भरायचे असले तरी आणि फुकट कागद मिळाला तरी.

नूतनीकरणाच्या तपासणीत हे बघतात का? गाडी न्यावी लागते, निरीक्षक बघतात, दिवे, हॉर्न, नंबर, चासी नंबर जुळवतात. पण पेचकस घेऊन खाली झोपणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दहा हजार घ्या, पण त्या बदल्यात गाडी लिफ्टवर घेऊन ब्रेक आणि चासी तपासून द्या, असं कोणी म्हणालं तर मी पहिला सही करीन. आज पैसे वयाचे घेतात आणि तपासणी वरवरची होते.

चासी नंबरावरून एक सूचना, कारण कोकणात इथे खूप कामं अडतात. अर्जासोबत चासी नंबराचा पेन्सिल प्रिंट लागतो. कागद नंबरावर ठेवून पेन्सिल घासायची, आकडे उठले पाहिजेत. तुमच्या ८०० ला नंबर इंजिनमागच्या पत्र्यावर असतो, त्यामुळे निदान सावलीत आहे. जीपसारख्या गाड्यांना तो चासीच्या पट्टीवर असतो आणि तिथे गंज आकडे खातो. लोक काय करतात, पॉलिश पेपर घेऊन खरडतात. आकड्याची कड बोथट होते आणि मग निरीक्षकाला वाटतं नंबर छेडलाय. ते खरडणं विसरा. डिझेलात भिजवलेलं फडकं रात्रभर नंबरावर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने हळू घासा, पुसा, प्रिंट घ्या आणि लगेच ग्रीसचा पातळ थर द्या. दर पावसाळ्याआधी ग्रीस. तरीही आकडे वाचता येत नसतील तर स्वतः पंच मारायला जाऊ नका. कार्यालयात अर्ज करा, तिथून रीतसर परवानगी घेऊनच ते काम होतं.

आता जुने पार्ट. बंदी नाही. दुसऱ्या गाडीचं दार, काच, डायनामो, गिअरबॉक्स आपल्या गाडीला बसवला म्हणून कोणी तुम्हाला पकडणार नाही. अडचण येते ती इंजिनाची आणि चोरीच्या मालाची. इंजिनाला नंबर असतो, तो आरसीवर असतो. इंजिन बदललं तर कार्यालयाला कळवून नवा नंबर चढवून घ्यायचा, त्यासाठी ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद आणि बिल लागतं. आणि माल चोरीचा निघाला तर "मला ठाऊक नव्हतं" हे म्हणणं तुम्हाला पटवून द्यावं लागतं. चोरीची वस्तू जाणूनबुजून बाळगणं पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४११ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१७ मध्ये आहे.

म्हणून मेकॅनिकला एकच विचारा: बिल मिळेल का? इंजिन असेल तर बिलावर इंजिन नंबर आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याची प्रत. बहुतेक वेळा तो हसेल. कारण कुर्ल्याच्या बाजारातून किंवा कोल्हापूरकडून येणारा माल रात्रीच्या ट्रकने येतो, सोबत येते ती चिठ्ठी, बिल नव्हे. मला स्वतःला ही साखळी जशी आहे तशीच वापरावी लागते, दारं-काचांपुरती. इंजिन मात्र मी कागदाशिवाय घेत नाही. ८०० चं इंजिन तसंही बदलायची गरज क्वचित पडते. तुम्ही लिहिलंय "रिंगा गेल्यात". मग रिंगा, व्हॉल्व्ह सील, गरज असेल तर बोअर, असं काम लेथवर करून घ्या. गाडी ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची, नवे सुटे भाग सहज मिळतात. नंबर तोच राहतो, कागदाची कटकट नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानदाराने जुना दर लावला नाही ना ते बिलात बघा.

जुनं काय घ्यायचं आणि काय नाही यावर लोक माझ्याशी वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या बिघाडाने गाडी नुसती थांबते ते जुनं चालेल. ज्याच्या बिघाडाने गाडी थांबतच नाही ते नवंच, आणि तेही चांगल्या कंपनीचं. दार, बॉनेट, काच, सीट, आरसा, हेडलाइट, वायपर मोटर, स्टार्टर, डायनामो, गिअरबॉक्स, रेडिएटर फॅन, हे सगळं जुनं घ्या, तपासून घ्या. ब्रेकचे मास्टर आणि व्हील सिलिंडर, ब्रेक पाइप, टायरॉड एंड, लोअर आर्म, स्टिअरिंगची रॅक, सीटबेल्ट, टायर, हे जुनं कधी नको. तुमच्या मेकॅनिकने जुन्यात स्टिअरिंग करून देतो म्हटलंय, तिथे माझा ठाम नकार आहे. करूळ किंवा आंबोली घाट उतरताना रॅकचा खेळ (ढिलेपणा) वाढला तर ब्रेक दाबून उपयोग नसतो.

आणि एक गोष्ट जिच्यावर कोणी ओरडत नाही: बाजारात नवा म्हणून मिळणारा नकली पार्ट. कंपनीचा डबा हुबेहूब, होलोग्राम हुबेहूब, आत पितळ म्हणून मुलामा. जुना पण अस्सल डायनामो मी डोळे झाकून घेईन, असा नकली नवा घेणार नाही. टायरला आयएसआय खूण बघा आणि कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानात "नवा" म्हणून पाच-सहा वर्षांचा टायर ठेवलेला दिसतो, तो घेऊ नका.

दार कुठून आणावं? मुंबईचं नको, ते आपल्याच पत्र्याचं भावंड असतं. घाटावरचं बघा: कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची गाडी. तिकडच्या दाराच्या खालच्या कडा पंधरा वर्षांनीही शाबूत असतात. दार हातात घेऊन उलटं करा, खालची पाणी जायची भोकं बघा. ती मोकळी आणि कोरडी असतील तर दार चांगलं. बसवण्याआधी आतून गंजरोधक फवारून घ्या. दार बसल्यावर ते काम कोणी करत नाही.

पूरगाडीचा माल ओळखायला शिका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या बऱ्याच गाड्या विम्याने निकालात काढल्या, लिलावात गेल्या, आणि त्यांचा माल वर्षानुवर्षं बाजारात फिरत राहतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत. तिथे मातीची आडवी रेघ दिसली की समजायचं. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगच्या कनेक्टरला बोट लावा, हिरवट पावडर बोटाला लागते. हेडलाइटच्या आत तळाशी बारीक गाळ असतो, तो कोणी काढत नाही कारण त्यासाठी काच उघडावी लागते. अशा गाडीचं दार घ्या हवं तर, पण इंजिनाचा कंप्युटर, वायरिंग, डायनामो काही नको. दोन-चार महिने चालतं आणि मग पावसात एखाद्या वळणावर बंद पडतं.

आता सरकारने केलेल्या एका चांगल्या गोष्टीबद्दल, जिचा आपल्याला अजून उपयोग होत नाही. २०२१ मध्ये स्क्रॅप धोरण आलं आणि नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांचे नियम झाले. तिथे गाडी घेताना चोरीच्या यादीशी पडताळतात, चासी नंबराचा तुकडा कापून ठेवतात, नोंदणी रद्द होते आणि मालकाला गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं. एप्रिल २०२५ पासून गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी आलीय: जुन्या गाड्यांत वापरलेल्या पोलादापैकी ठरावीक हिस्सा, सुरुवातीला ८ टक्के, परत मिळवल्याचा हिशेब त्यांनी द्यायचा. सगळं ठीक. पण हा सारा विचार पोलादाचा आहे. त्याच केंद्रांतून निघणारं चांगलं दार, चांगला गिअरबॉक्स बिलासकट, मूळ गाडीच्या नंबरासकट कुडाळच्या किंवा राजापूरच्या गॅरेजपर्यंत पोचावा, अशी सोय कोणी केलेली मला दिसत नाही. ती झाली तर कुर्ल्याची चिठ्ठी आपोआप बंद पडेल. गाडीवाल्यांनी चिडायचं तर यावर चिडावं. फी हजार-पाचशेने कमी होईलही, पण कागदाचा माल मिळाला तर आमची आणि तुमची दोघांची मान मोकळी होईल.

गाडी मोडीत काढायचीच ठरली तर कशी? गावात येणारा भंगारवाला रोख देईल. ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो, तो लोखंडाच्या भावाने मोजेल आणि आरसी तुमच्याच नावावर राहील. पुढे तो नंबर कुठल्या गाडीवर फिरला तर नोटीस वडिलांच्या नावाने येणार. स्क्रॅप केंद्रात सरकारच्या अंदाजाने नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावेत. ८०० तर २०१४ पासून बनतच नाही, तेव्हा तो हिशेब ते कसा लावतात ते आधी विचारून घ्या. केंद्र लांब असेल तर ट्रेलरचं भाडं त्यातून वजा जाईल. पण ठेव प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्के, प्रत्यक्षात किती द्यायची ते राज्य ठरवतं. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी वर्षभरात नवी गाडी घेणार असेल तर हाच रस्ता फायद्याचा. जायच्या आधी आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा आहे का बघा. वीस वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज कागदावर जिवंत असतं, आणि तेवढ्यात बँकेचं नाव बदललेलं असतं किंवा ती दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र मिळवायला वेळ लागतो, आजच सुरुवात करा.

पेट्रोलचंही एक सांगतो, कारण वीस टक्के इथेनॉलवरून लोक माझ्याकडे फार विचारणा करतात. एप्रिल २०२३ आधीच्या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, हे खरं. पण इंजिन लगेच बसेल ही भीती निराधार आहे. त्रास दोन जागी होतो: जुने रबरी पाइप मऊ पडून गळतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीचा तळ गंजतो. गावी उभ्या राहणाऱ्या गाडीला हे जास्त लागू. पेट्रोलचे रबरी पाइप एकदा नवे घाला, फिल्टर बदला, टाकी भरलेली ठेवा आणि गाडी आठवड्याला निदान वीस मिनिटं रस्त्यावर काढा. जागेवर चालू करून बंद करणं पुरत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर असं करा. आधी काही खर्च करू नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणू नका. पकडली तर पाच हजारांपर्यंत दंड आहे, पण खरी भीती विम्याची आहे. वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात नामंजूर केला, विमा भरलेला असूनही. जवळच्या चांगल्या मेकॅनिकला घरी बोलवा, जॅकवर गाडी घ्या, पेचकसने वर सांगितलेल्या जागा तपासा. शॉकअपच्या वाट्या आणि मागचे ब्रॅकेट शाबूत असतील तर स्टिअरिंग रॅक नवी, ब्रेकचं काम नवं, इंजिनाच्या रिंगा, आणि दार घाटावरचं जुनं. त्यानंतर नंबरप्लेटची तारीख घ्या, पीयूसी काढा, विमा घ्या, परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म २५ भरा आणि गाडी ट्रेलरवर किंवा टो करून ओरोसच्या आरटीओत तपासणीला न्या. दर महिन्याला पाचशे वाढतायत, तेव्हा हे पावसाआधी उरका. वाट्या गेलेल्या निघाल्या तर त्याच दिवशी स्क्रॅप केंद्राला फोन करा, आणि बॅटरी, टायर, स्टेपनी काढून ठेवायचा मोह झाला तर आधी त्यांना विचारा. गाडी अर्धवट मोकळी करून नेली की ते दर पाडतात.